कौसाबाईचा अर्ज पाच वेळा बंद पडला

‘सबब मेहेरबान तहसीलदार साहेबांनी’ एवढे शब्द टंकून झाले आणि अख्खा अर्ज पडद्यावरून नाहीसा झाला. इंग्रजी दोन ओळींची एक चौकट आली आणि वाचायच्या आत निघून गेली. बाकीचा कॉम्प्युटर चालू होता. घड्याळ चालू होते, कॅल्क्युलेटर उघडत होता. बंद पडला होता तो फक्त मराठी टंकण्याचा प्रोग्राम.

समोरच्या बाकड्यावर कौसाबाई बसली होती. तिच्या पायाशी फडक्याने झाकलेली बादली होती.

“गेला का, नाना?”

“गेला.”

“कितवी बारी ही?”

“तुझ्या अर्जाची चौथी.”

“आन आज बुधवार हाय.”

बुधवार आहे हे मलाही ठाऊक होते. चारा छावणीची यादी शुक्रवारी सायंकाळी कायम व्हायची होती. त्या यादीत नाव असेल त्याच्याच जनावराच्या कानाला बिल्ला लागणार होता आणि बिल्ला असेल त्याच जनावराला छावणीत चारापाणी मिळणार होते. कौसाबाईचे नाव, आणि त्याबरोबर तिच्या दोन्ही म्हशी, यादीतून गळाल्या होत्या. त्यांतली एक सात महिन्यांची गाभण होती. बिल्ला न लागल्यास येत्या बाजारी ती दावणीची सोडावी लागणार, हे कौसाबाईने मला रडून नव्हे, तर उद्याची जीप किती वाजता आहे हे सांगावे इतक्या साध्या आवाजात सांगितले होते.

येथे माझी ओळख देणे उचित होईल. मी केज येथे तहसील कचेरीच्या मागच्या बाजूस गेली सव्वीस वर्षे अर्जनवीस आहे. ज्यांना आपले म्हणणे सरकारी भाषेत मांडता येत नाही त्यांचे म्हणणे मी मांडतो. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि माझ्या मसुद्यातील एक ओळ बदलण्याची गरज भल्या भल्या वकिलांना भासलेली नाही. आरंभीची वर्षे मी हाताने लिहिले, मग टाइपरायटर घेतला, मग तो विकून कॉम्प्युटर. माझा गाळा तालुका दूध सहकारी संस्थेच्या इमारतीत आहे. पुढे दोन गाळे, मागे दूध गोळा करण्याची ओसरी आणि तिच्या शेजारी दूध थंड करण्याचा मोठा कूलर.

मराठी प्रोग्राम मी रीतसर विकत घेतलेला आहे. त्याच्याबरोबर पेनड्राइव्हसारखा एक तुकडा येतो, त्याला लॉक म्हणतात. तो कॉम्प्युटरला मागून जोडलेला असेल तरच प्रोग्राम उघडतो. चोरून वापरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून कंपनीने केलेली ही व्यवस्था मला पहिल्या दिवसापासून पसंत होती.

माझ्या कामाचे काही नियम आहेत. अर्जदार समोर बसल्याशिवाय मी अर्ज टंकत नाही, कारण पूर्वी एका गृहस्थाने ‘मी असे बोललोच नव्हतो’ म्हणून साहेबांसमोर हात झटकले होते. अर्ज एका बैठकीत पुरा करतो. अर्धवट राहिलेला मसुदा मी पुढे चालवत नाही; कोऱ्या पानापासून पुन्हा आरंभ करतो, कारण मधल्या काळात त्यात कोणी काय घुसडले असेल याची हमी नसते. आणि गाळ्यात पायताण घालून कोणी येत नाही. कॉम्प्युटरशेजारी सरस्वतीची तसबीर आहे.

बंद पडण्याचा हा प्रकार पंधरा दिवसांपूर्वी सुरू झाला. दोनदा झाले तेव्हा मी दुर्लक्ष केले. तिसऱ्यांदा झाले तेव्हा मी एक वही घातली आणि न्यायालयात ठेवतात तसा रोजनामा लिहू लागलो. मागच्या दोन वेळाही आठवून लिहिल्या. रकाने चार: अर्जदाराचे नाव, अर्ज कोणाविरुद्ध, हजर कोण होते, वेळ. बुधवारपर्यंत अकरा नोंदी झाल्या. त्या मी लाल शाईने तपासल्या. अकरापैकी नऊ अर्ज दूध संस्थेविरुद्ध होते.

छावणी हीच संस्था चालवत होती. यादी संस्थेनेच केली होती. गाळ्याची मालकही संस्थाच. उरलेले दोन अर्ज एक जमिनीच्या मोजणीचा आणि एक शाळेच्या दाखल्याचा होता. ते केवळ माझी दिशाभूल करण्यासाठी बंद पाडले असावेत, असे मी धरून चाललो.

दुसऱ्या आठवड्यात मी अंबाजोगाईहून इंजिनिअर बोलावला होता. तो दुपारच्या एसटीने आला. बूट काढायला तयार नव्हता, लेस सोडायला वेळ लागतो म्हणाला. शिकलेला माणूस म्हणून मी सूट दिली. त्याने व्हायरस तपासला, कॉम्प्युटर फॉरमॅट केला, म्हणजे आतले सगळे पुसून पुन्हा भरले. पाच वाजेपर्यंत प्रोग्राम सुरळीत चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद. तो पुन्हा आला, पुन्हा दुपारी. त्याच्यासमोर पुन्हा काही झाले नाही.

“नाना, मशीनमध्ये काही नाही. तुमचा हात कुठे तरी चुकीच्या बटणावर पडत असेल.”

सव्वीस वर्षांत माझा हात चुकीच्या बटणावर पडलेला नाही. जाताना हा इंजिनिअर संस्थेच्या ऑफिसात चहा घेऊन गेला, हेही मी रोजनाम्यात नोंदवले.

बुधवारी सायंकाळी मी अखेरचा उपाय केला. कॉम्प्युटरची पेटी उभ्या-आडव्या सुतळीने बांधली, चार गाठींवर लाख वितळवून ओतली आणि माझ्या नावाचा शिक्का उमटवला. कोणी पेटी उघडली तर लाख तुटणार. शिक्का उमटवताना पेटीला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. त्या गेले काही आठवडे येत होत्या. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या.

गुरुवारी सकाळी चारही शिक्के शाबूत होते. कौसाबाई आली. तिने बादली खाली ठेवली. मी दोन पंचांसमक्ष, म्हणजे शेजारचा झेरॉक्सवाला आणि कौसाबाई यांच्यासमक्ष, शिक्के तपासले आणि टंकायला बसलो. तिच्या वस्तीवरच्या आणखी सहा जणींची नावे यादीतून गळाली होती. ती सातही नावे, जनावरांचे रंग, शिंगांची ठेवण, सगळे ती तोंडपाठ सांगत होती. पाचव्या नावावर प्रोग्राम बंद झाला.

“दुपारी लिवा की, नाना. आमी अंगठा देऊन जातो.”

“कोऱ्या कागदावर अंगठा? तो मी आजवर कोणाचा घेतलेला नाही. तू दुपारी थांब.”

“बारा वाजता वस्तीवर टँकर येतो. म्या नसले तर माझं पिंप कोण भरंल?”

तिची जीप पावणेअकराला सुटे. हाताने लिहिलेला अर्ज मी सोमवारीच देऊन पाहिला होता. छावणीचे अर्ज विहित नमुन्यात आणि टंकलिखितच हवेत, म्हणून कारकुनाने तो परत केला होता.

मी वही काखेत मारली आणि थेट चेअरमनसमोर जाऊन उभा राहिलो. बापूराव चेअरमन म्हणजे धिप्पाड माणूस, कपाळाला गंध, समोर चष्मा उघडा पडलेला.

“चेअरमनसाहेब, हे असे चालणार नाही.”

“काय चालना, नाना?”

“संस्थेविरुद्धचा अर्ज टंकायला घेतला की माझा प्रोग्राम बंद पडतो. अकरापैकी नऊ वेळा. आजची धरून बारापैकी दहा. नोंदी आहेत.”

त्यांनी वही लांब धरून वाचली, मग मोठ्याने हसले.

“आवो, मला मोबाइलवर नातवाला मेसेज धाडता येत न्हाई. म्या तुमचं काम्प्युटर बंद पाडणार? हितं बसून? मंत्र मारून?”

“आपण नाही, आपली माणसं.”

“माझी माणसं! त्यो शिपाई लक्ष्मण, त्याला सायकलची चैन बसवता येत न्हाई. अन् त्या बायांची नावं म्या काढली न्हाईत. महिनाभरात ज्यानं दूध घातलं त्याचं नाव यादीत, असं वरून आलतं. गाभण म्हशीचं दूध कुठून घालणार ती? द्या की अर्ज. म्या कुठं आडवा आलो?”

“अर्ज टंकू दिला तर देऊ ना.”

“लई वंगाळ डोकं हाय तुमचं, नाना. रातंदिस संशय.”

ही भाषा मी रोजनाम्यात शब्दशः लिहिली. परत येऊन सहायक निबंधकांच्या, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, नावे हाताने तीन पानांची तक्रार लिहून काढली. संस्थेने भाडेकरूच्या विद्युत यंत्रात ढवळाढवळ करून गोरगरीब सभासदांची दाद दडपली, असा तिचा आशय होता. मसुदा उत्तम झाला होता. शुक्रवारी बीडला जाऊन ती समक्ष देण्याचे मी ठरवले.

शुक्रवारी कौसाबाई नवाच्या आतच आली. तिच्यामागून दारात आणखी एक माणूस उभा होता. त्याने दारातच चपला काढल्या.

“हे मुनीरभाई. आमच्या वस्तीवरच्या समद्या मोटारी हेच भरत्यात. कूलरचा पंखा बघाया आलते, म्या म्हणलं नानाचं बी बघून जावा.”

मोटारी भरतात म्हणजे जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढून नवी गुंडाळतात. मोटार भरणाऱ्याने कॉम्प्युटर बघावा हे मला रुचले नाही. पण दिवस अखेरचा होता.

“बघा. पण लाख तोडायची नाही.”

“लाख कावून लावली, नाना?”

“आपण फक्त बघा.”

मुनीरभाई अनवाणी आत आले. माझ्या माठाशेजारची फरशी नेहमी ओलसर असते, तिच्यावर उभे राहून त्यांनी पेटीवर पंजा ठेवला आणि झटक्यात मागे घेतला.

“हे तर चावतंय की, नाना!”

“मुंग्या येतात. मला गोळ्या चालू आहेत.”

“गोळ्या तुमाला कावून? गोळ्या याला द्या.” त्यांनी खिशातून टेस्टर काढून पेटीच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा मंद पेटला. “कधी बंद पडतंय?”

मी रोजनामा पुढे केला. संस्थेविरुद्धच्या नोंदींवर बोट ठेवून मी समजावू लागलो. मुनीरभाईंनी माझे बोट हळूच बाजूला केले आणि शेवटचा रकाना वरून खाली वाचला. सव्वानऊ. नऊ चाळीस. दहा. नऊ वीस. सव्वादहा. बारा नोंदींत नऊच्या आधीची एक नव्हती आणि साडेदहानंतरचीही एक नव्हती.

“नऊ वाजता काय चालू होतंय हितं?”

कौसाबाई म्हणाली, “दूध घालून झालं की कूलर. दूध गार होईस्तोवर, पावणेअकरापतोर.”

तेवढ्यात मागे कूलरची घरघर सुरू झाली. मुनीरभाईंनी टेस्टर पुन्हा पत्र्याला लावला. आता दिवा लख्ख पेटला.

त्यांनी अंबाजोगाईच्या इंजिनिअरला माझ्याच मोबाइलवरून फोन लावायला लावला. इंजिनिअर म्हणाला, “असं होय! बॉडीला करंट असेल तर ते लॉक क्षणभर तुटतं. प्रोग्राम दर थोड्या वेळाने बघत असतो की लॉक जागेवर आहे का. नाही दिसलं की त्याला वाटतं चोरी झाली. मग तो स्वतःच बंद होतो.” मुनीरभाईंनी रोजनामा मिटून माझ्या हातात दिला. संस्थेविरुद्ध तक्रार असणारे सभासद सकाळी दुधाच्या वेळेलाच येत, बाकीचे अर्जदार कचेरी उघडल्यावर येत. एवढे मात्र मला त्यांनी न सांगताही कळले.

आम्ही मागे गेलो. मुनीरभाईंनी होल्डरला दोन वायरी लावलेला शंभरचा बल्ब आणला होता. एक वायर करंटला, दुसरी अर्थिंगला. बल्ब विझत आलेल्या कंदिलासारखा तांबूस झाला.

“ह्यो बल्ब फुल पेटाया पाहिजे. अर्थिंग मेलीय.”

अर्थिंग म्हणजे यंत्राच्या पत्र्यावर उतरलेली चुकार वीज जमिनीत सोडून देणारी तार. ती इमारतीमागच्या एका खड्ड्यात गाडलेली असते. खड्ड्यात कोळसा आणि मीठ असते आणि तो ओला ठेवावा लागतो. ओल गेली की वीज जमिनीत शिरत नाही. मग कूलरच्या पत्र्यावरची वीज त्याच तारेने उलट फिरून इमारतीतल्या इतर यंत्रांच्या पत्र्यावर येते. इमारतीला खड्डा एकच होता. आम्ही त्याच्यावर उभे होतो. माती भेगाळून भाकरीसारखी सुटली होती.

चेअरमन आणि शिपाई लक्ष्मण तिथे आले.

“ह्यात पाणी घालीत न्हवता का रं?” मुनीरभाईंनी विचारले.

“घालीत होतो की,” लक्ष्मण म्हणाला. “रोज दुधाचे कॅन धुवून त्याचं धुवण हितंच वतत होतो. सहा वर्सं वततोय. आता बंद झालं.”

“बंद कावून?”

“ठराव झाला. धुवण वाया घालू नगा, सभासदांच्या जनावरास्नी वाटा.”

कौसाबाईने आपल्या बादलीकडे पाहिले. सकाळी सकाळी रांग लावून ती जे घेऊन जात होती ते हेच धुवण होते. गाभण म्हैस ते आवडीने पिते, असे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

“कुणाच्या अर्जावरून ठराव झाला, ते बी सांग की नानाला,” चेअरमन म्हणाले.

सांगण्याची गरज नव्हती. ‘दुष्काळाच्या या भीषण काळात पाण्याचा प्रत्येक थेंब मातीत जिरू देणे हा सभासदांवरील घोर अन्याय होय’ हे वाक्य माझे होते. सव्वीस वर्षांत मी लिहिलेल्या अर्जांपैकी आठ दिवसांत अंमलबजावणी झालेला तो एकमेव अर्ज.

दहा वाजायला पाच मिनिटे कमी होती.

“कूलर तासभर बंद ठेवा,” मी म्हणालो.

“अन् दूध नासलं तर? एवढ्या दुष्काळात बायांनी घातलेलं दूध हाय नाना, त्याचा बी अर्ज लिवा मग.”

हे बोलणे रास्त होते. “पाणी किती लागेल?” मी विचारले.

“दोन घागरी तरी. मीठ घालून.”

संस्थेच्या टाकीत तळाला गाळ होता. गावातल्या नळाला पाणी यायला अजून चार दिवस होते. मी गाळ्यात जाऊन माठ उचलून आणला. तो अर्धा होता. मी तो खड्ड्यात पालथा घातला. माती सूं सूं करून सगळे प्याली आणि वरून पुन्हा कोरडी दिसू लागली. बल्ब जेमतेम पिवळा झाला.

कौसाबाईने बादलीवरचे फडके काढले.

“अगं, ते म्हशीचं आहे,” मी म्हणालो.

“म्हशीचंच काम हाय की, नाना.”

तिने बादली खड्ड्याच्या कडेने, एका जागी न ओतता, गोल फिरवत रिकामी केली. लक्ष्मणने मीठ टाकले. पांढुरके पाणी भेगांतून खाली गेले. आम्ही पाच माणसे एका बल्बकडे बघत उभे होतो. तो आधी पिवळा होता, मग हळूहळू पांढरा होत गेला आणि डोळ्यांना सहन होईना.

“पळा नाना,” मुनीरभाई म्हणाले. “ऊन चढल्यावर पुन्हा वाळंल.”

मी टंकायला बसलो. मागे कूलर घरघरत होता. पेटीला हात लावून पाहिला, मुंग्या नव्हत्या. ‘सबब’पाशी मी क्षणभर थांबलो. काही झाले नाही. सात नावे, अकरा जनावरे, त्यांतली भाकड किती, गाभण किती. ‘दूध न देणारे जनावरही चारा खाते, ही बाब यादी करतेवेळी नजरेआड झाली’ हे वाक्य घातले. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द जुन्या मसुद्यात होता, तो या वेळी घातला नाही. दहा चाळीसला दोन प्रती निघाल्या. कौसाबाईने अंगठा दिला. जीपवाल्याला चेअरमननी स्वतः रस्त्यात उभे राहून थांबवले, हेही नमूद करतो.

कारकुनाने प्रतीवर पोहोच दिली. सायंकाळी यादी कायम झाली तेव्हा सातही नावे पुरवणीत होती. पुढच्या आठवड्यात कौसाबाई आली ती बिल्ल्यांचे नंबर मला दाखवायला. तिने ते पेनाने हातावर लिहून घेतले होते. बादली या वेळी तिच्याजवळ नव्हती.

बीडला जाण्याचे मी त्या दिवशी रद्द केले. तीन पानी तक्रार फाडली नाही. भाषा चांगली आहे आणि चेअरमनविषयी माझे इतर काही संशय कायम आहेत. ताकदीच्या गोळ्या मात्र बंद केल्या. मसुदा आता दर परिच्छेदाला सेव्ह करतो.

दूध संस्थेने नंतर दुसरा ठराव केला: धुवणाची एक बादली रोज खड्ड्याला, बाकीची जनावरांना. त्यासाठीचा अर्जही मीच लिहिला. अर्जदार म्हणून नाव कोणाचे घालावे हा प्रश्न आला तेव्हा चेअरमन म्हणाले, “तुमचंच घाला.” मी घातले.

रोजनाम्याची वही मी अजूनही ठेवतो. फक्त वेळेचा रकाना आता पहिला आखतो आणि नावांचा शेवटी.